धुराड्यातील मोहोळ

मराठी ललित गद्यात मोहोळ उठते ते बहुधा आठवणींचे. धाराशिव जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरात मात्र हा शब्द प्रतिमा म्हणून नव्हे, अडचण म्हणून येतो. चूल पेटती होती तोवर धुराड्याकडे माशी फिरकत नसे. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचा गॅस अनेक घरांत पोहोचला, चुली विझल्या आणि धुराडी थंड पडली. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे लावते. सातेरीला मात्र अंधारी पोकळी लागते, जिच्यात ती समांतर पोळी एकाशेजारी एक बांधते. विझलेले धुराडे म्हणजे तिला आयते घर.

अशा वेळी गावचा पहिला सल्ला ठरलेला: खाली जाळ करा. आम्हांस तो अघोरी वाटतो, आणि अडाणीपणाचाही. जाळाने मेण वितळते, पेट घेते. पिलांसकट वसाहत मरते आणि करडई-सूर्यफुलाच्या शेतावर राबणारे हात तेवढे कमी होतात. जाणता मधपाळ थोडाच धूर देतो. वणवा लागल्याच्या समजुतीने माश्या मध पोटात भरून घेतात, सावधगिरीचा गंध धुरात बुजतो, त्या शांत होतात. मग पोळी कापून लाकडी पेटीच्या चौकटींना बांधायची. राणी आत गेली की बाकीच्या मागोमाग जातात. पुढचे काम कंटाळवाणे, पण खरे तेच. मेणाचा कणन्‌कण खरवडायचा, कारण त्या वासावर पुढचा थवा येतो. नंतर धुराड्याच्या तोंडाशी माशी शिरणार नाही इतकी बारीक जाळी बसवायची. पुन्हा चूल पेटवायची असेल, तर तिची काजळी झाडत राहायला हवी.

या माळवदांविषयी गहिवरून लिहिण्याचा मोह आम्ही टाळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर परिसरात माणसे गेली ती मुख्यतः याच जड मातीच्या छपरांखाली आणि दगडी भिंतींखाली. पुनर्वसनात सिमेंटची घरे आली. ती हवीच होती. सातेरी आता विहिरीच्या कपारीत राहते, भिंतीच्या भेगेत शिरते, कधी विजेच्या मीटरच्या पेटीत. त्या पेटीला जाळी कुणी लावायची, घरमालकाने की वीज खात्याने, हा वाद अजून चालूच आहे.