गल्लीत लाइट होती

परवा जिन्यातल्या मीटरच्या फळीपाशी जळक्या बॅकेलाइटचा वास आला आणि दादा आठवले. दादा वायरमन होते. घराचं वायरिंग झालं की शेवटी ईएलसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या खटक्याचं, टेस्टचं बटण दाबायचे. खटका पडून घरभर अंधार झाला, की मगच पकड पिशवीत जायची.

त्याच आठवड्यात कामावर माझीच एक जुनी टेस्ट उघडली होती. आमच्या सॉफ्टवेअरच्या टेस्ट शेलमध्ये, म्हणजे कमांड लिहून चालवायच्या भाषेत असतात. चांगली फाइल दिली की कमांड चालते, हे तपासणं सोपं. पण बिघडलेली फाइल दिली तर ती फेल झालीच पाहिजे, हेही तपासावं लागतं. त्यासाठी कमांडच्या आधी उद्गारचिन्ह टाकतात. शेलमध्ये शून्य म्हणजे पास, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे फेल; उद्गारचिन्ह याचं नेमकं उलटं करतं.

त्या ओळीत कमांडच्या नावातलं एक अक्षर गळलं होतं. शेलला कमांड सापडायचीच नाही, तो १२७ परत द्यायचा, आणि उद्गारचिन्ह त्याचा पास करून टाकायचं. चार वर्षं टेस्ट हिरवी. अक्षर घातलं तेव्हा कळलं, आमची कमांड बिघडलेली फाइल खुशाल घेत होती. "हिरवं आहे ना, मग कशाला हात लावतोस?" असं मला अनेकदा सांगितलं गेलंय. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

मी सहावीत होतो. लोडशेडिंगचे दिवस. एका घरी दादांनी बटण दाबलं, अंधार झाला. मालक म्हणाले, "झालं की!" दादांनी अंधारात खटका चाचपला. तो वरच होता. खिडकीतून पाहिलं तर सगळी गल्ली काळोखात.

"थांबू या," दादा म्हणाले.

लिनस तोरवाल्ड्सने २००५ साली कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट सुरू केलं. गिटच्याही टेस्ट शेलमध्येच आहेत, आणि फेल व्हायलाच हव्या अशा गिटच्या कमांडसाठी तिथे 'टेस्ट मस्ट फेल' नावाचं वेगळं फंक्शन आहे. शून्य आला तर ते टेस्ट पाडतंच, पण १२७ आला तरी पाडतं. कमांड सेगमेंटेशन फॉल्टने कोसळली, म्हणजे १२८ अधिक ११ असा १३९ आला, तरीही पाडतं. विचार करून नकार देणं वेगळं आणि चक्कर येऊन पडणं वेगळं. फाइलमध्ये शब्द शोधणाऱ्या ग्रेप कमांडचंही तसंच. शब्द सापडला नाही तर १, फाइलच नसेल तर २. नुसत्या उद्गारचिन्हाला दोन्ही सारखेच. म्हणून मी आता आकडा तपासतो, आणि एररचा मजकूरही.

त्या रात्री आम्ही ओट्यावर अडीच तास बसलो. मालकीणबाईंनी चहा दिला. मला झोप येत होती, दादांनी मांडीवर डोकं ठेवायला लावलं. त्यांच्या शर्टाला तोच बॅकेलाइटचा वास होता. लाइट आली तसे ते आत गेले, बटण दाबलं. टक्. सगळी गल्ली उजळलेली आणि तेवढं एकच घर अंधारात. त्या अंधारातून दादा बाहेर आले ते हसत.

त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. ते बटण तुमच्याही घरात असेल, तर आज दाबून पाहा. मात्र आधी खिडकीतून बघा, गल्लीत लाइट आहे ना.