मुभा, सक्ती आणि अंदाज

बारावीच्या इंग्रजीत एक ओळखीचा प्रश्न असतो. वाक्य दिलेलं असतं आणि 'सक्ती दाखवणारं' किंवा 'शक्यता दाखवणारं' मोडल ऑक्झिलरी घालून ते पुन्हा लिहायचं असतं. मुलं उत्तर लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. खरं तर इथे थांबावं असं बरंच काही आहे. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट ही नऊ क्रियापदं स्वतः कुठलंच काम सांगत नाहीत. काम आणि माणूस यांच्यातलं नातं ती सांगतात. जमतं का, चालेल का, केलंच पाहिजे का, झालं असेल का, हे सगळं त्या एका अक्षरगटात ठरतं.

त्यांची वागणूकही वेगळी. 'शी सिंग्ज' म्हणताना क्रियापदाला एस लागतो, पण 'शी कॅन्स' असं कोणी म्हणत नाही. शाळेत हा नियम पाठ करून घेतात, त्याचं कारण मात्र क्वचितच सांगतात. कारण मोठं देखणं आहे. कॅन, मे, शॅल यांचं आज वर्तमानकाळी वाटणारं रूप फार पूर्वी भूतकाळी घडणीचं होतं. 'पाहिलं आहे, म्हणजे ठाऊक आहे' अशा वळणाने त्याला वर्तमानाचा अर्थ आला, पण घडण जुनीच राहिली. इंग्रजीत भूतकाळी क्रियापदाला एस लागत नाही, म्हणून यांनाही तो कधी चिकटला नाही. मस्ट तर जुन्या भूतकाळी रूपातूनच आलेलं आहे. विलचा वंश निराळा, पण तेही पुढे याच कुळात मिसळलं.

जुन्या इंग्रजीत कॅन म्हणजे जाणणं, मे म्हणजे अंगात बळ असणं आणि शॅल म्हणजे देणं लागणं. जर्मन भाषेतला 'शुल्ड' हा शब्द त्याच घराण्यातला. त्याचा अर्थ कर्जही होतो आणि अपराधही. ज्ञानातून कॅनची क्षमता आली, कर्जातून शॅलचं बंधन आलं. मराठीने हीच क्षमता दुसऱ्या वाटेने गाठली. 'मला पोहता येतं' या वाक्यात माणूस कर्ता म्हणून पुढे उभा राहत नाही, विद्या त्याच्याकडे येते. सक्तीचंही तसंच. 'मला जावं लागतं' म्हणताना जाणं माणसावर येऊन पडतं. इंग्रजी मात्र क्षमता असो की सक्ती, 'आय'लाच कर्त्याच्या जागी ठेवते.

अंदाजाच्या बाबतीत दोन्ही भाषा एकमेकींच्या फार जवळ येतात. दारावर थाप पडली की इंग्रज माणूस विल वापरून म्हणतो, तो पोस्टमन असणार. घटना आत्ताची, क्रियापद भविष्याचं. मराठीतही 'पोस्टमन असेल' हेच रूप तोंडी येतं. दार अजून उघडलेलं नसतं, खात्री व्हायची असते, म्हणून दोन्ही भाषा भविष्याकडे वळतात. मस्टचा अंदाज याहून ठाम, 'असणारच' असा. पण 'काल जावंच लागलं' हे सांगायला मस्टकडे रूपच नाही. तिथे 'हॅड टू' हे उसनं घ्यावं लागतं. 'मस्ट हॅव गॉन' म्हटलं की सक्ती मावळते आणि 'गेला असणार' असा तर्क उरतो.

नकार जोडला की मराठी विद्यार्थी अडखळतो. 'यू मस्ट नॉट गो' ही मनाई आहे, 'यू नीड नॉट गो' ही मोकळीक. एकात 'जायचं नाही', दुसऱ्यात 'नाही गेलात तरी चालेल'.

आदबीसाठी इंग्रजी भूतकाळाची मदत घेते. 'कॅन यू'पेक्षा 'कुड यू' मऊ, 'विल यू'पेक्षा 'वुड यू' सौम्य. मागणी जणू कालची करून टाकली की समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते. मराठी माणूस साहेबांच्या केबिनमध्ये डोकावून 'जरा विचारायचं होतं' म्हणतो. विचारायचं आत्ताच असतं, 'होतं' मात्र तो मुद्दाम लावतो. काळाचं अंतर आदराचं अंतर होतं, ही या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणावी लागेल.

या शब्दांचा खरा भार मात्र कायद्यात कळतो. तिथे शॅल म्हणजे कर्तव्य आणि मे म्हणजे अधिकाऱ्याची मर्जी. मराठी अधिनियमांत 'शासनास करता येईल' असं वाचलं की त्यामागे बहुधा मे असतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्जाला ३० दिवसांत उत्तर देण्याचं काम शॅलने बांधलं आहे. प्रश्न कोणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल, तर मुदत ४८ तासांची. तिथे मे असतं, तर अर्जदाराने कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायच्या आणि अधिकाऱ्याने इच्छा झाली तर बघायचं, एवढंच हाती उरलं असतं. दुबळ्या माणसाचा हक्क कधी कधी अशा एका शब्दावर उभा असतो, म्हणून व्याकरणाचा हा धडा गुणांपुरता शिकवू नये.

अर्थात शब्द लिहिला म्हणजे वाद मिटला असं नाही. १८८० साली ज्यूलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप या खटल्यात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने मुभा देणाऱ्या शब्दांचा कस लावला. शब्द मुभेचेच, पण ज्याच्या भल्यासाठी अधिकार दिला त्याने तो वापरण्याची मागणी केली, तर परिस्थिती पाहून ते कर्तव्यही ठरू शकतं, असं तत्त्व तिथे मांडलं गेलं. बिशपवर मात्र तशी सक्ती नाही, असाच निकाल लागला. आपल्याकडे १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलट दिशेचा निर्णय दिला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२० मध्ये लोकसेवा आयोगाशी सल्लामसलतीबाबत शॅल आहे. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या प्रकरणात न्यायालय म्हणालं, की ते बंधनकारक नाही आणि सल्ला न घेतल्याने सरकारी नोकरावरची कारवाई रद्द होत नाही. कायद्याची कारणं पटली, तरी त्या शॅलवर भिस्त ठेवून कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाचा विचार मनातून जात नाही.

शॅलचा असा दोन्हीकडे झुकणारा अर्थ अमेरिकेत खटकला. तिथल्या फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियमांची भाषा २००७ मध्ये नव्याने घडवली, तेव्हा शॅल काढून संदर्भाप्रमाणे मस्ट, मे किंवा शुड घातलं गेलं. भारतात ते टिकून आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, गुन्ह्यांच्या कलमांचे क्रमांक बदलले, पण इंग्रजी पाठात शिक्षा सांगणारं वाक्य अजूनही शॅलनेच बांधलेलं आहे.