दोन परगण्यांमधला रस्ता

मोटारसायकलवरची दैनंदिनी : लेखांक पहिला

शनिवार. अंबड ते भोकरदन

अंबडहून वेरूळला जायला सरळ रस्ता आहे. छत्रपती संभाजीनगरवरून शंभरेक किलोमीटर. सकाळी चहा घेऊन निघालं तर जेवायला वेरूळ. आम्ही मात्र जालन्याच्या दिशेनं, म्हणजे उत्तरेला निघालो. पेट्रोल पंपावरच्या पोरानं विचारलं, ‘‘कुठी निघाले?’’ दाजी म्हणाले, ‘‘वेरूळला.’’ पोरगं एकदा दाजींकडे आणि एकदा रस्त्याकडे बघत राहिलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, गाडीवर बसले की मागचा जन्म आठवल्यासारखे खूश. या वाकड्या वाटेचा आग्रह माझा होता आणि त्याला कारण एक जुना तह. महिदपूरची लढाई हरल्यावर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरला होळकरांनी इंग्रजांशी तह केला. गादीवर अल्पवयीन मल्हारराव, यशवंतरावांचा मुलगा. सातपुड्यात आणि सातपुड्याच्या दक्षिणेला होळकरांचं जे काही होतं ते सगळं या तहानं गेलं. त्या कलमात खानदेशापाठोपाठ दोन परगण्यांची नावं लागून येतात: अंबड आणि वेरूळ. निजाम आणि पेशव्यांच्या मुलखात बेटांसारखे पडलेले हे दोन तुकडे. माझं गाव आणि वेरूळ एका कलमात बघितल्यापासून या दोघांच्या मधला मुलूख गाडीवरून बघायचा हे डोक्यात होतं. सरळ रस्त्यानं तो दिसत नाही.

निघताना मत्स्योदरीच्या टेकडीला खालूनच हात जोडले. टेकडी माशाच्या आकाराची म्हणून देवी मत्स्योदरी. गावात अहिल्याबाईंच्या नावानं खंडोबाचं देऊळ सांगतात, बारवही सांगतात. आमच्याकडे कुठलंही जुनं नीट बांधलेलं दगडी काम दिसलं की लोक ते अहिल्याबाईंच्या खात्यावर टाकतात. बऱ्याचदा ते खरंही निघतं.

जालना अर्ध्या-पाऊण तासात येतं. आज तिथं सळया आणि बियाण्यांचा पसारा. १८०३ च्या आधी हे शिंद्यांचं ठाणं होतं. म्हणजे त्या काळी अंबडच्या माणसानं सकाळी बैल जुंपले की दुपारपर्यंत तो होळकरांच्या मुलखातून शिंद्यांच्या मुलखात. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा आपला मुलूख सोडला, त्यात जालना नावानिशी आहे. अंबड त्यानंतर चौदा वर्षांनी गेलं. १९८१ साली १ मे रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा अंबड औरंगाबाद जिल्ह्यातून निघून त्यात आलं.

राजूरला गणपतीचं दर्शन, पुढे भोकरदनपर्यंत अर्धा रस्ता मक्याचा. शब्दशः. मका सोलून डांबरावर वाळत घातलेला, कडेनं दगड मांडलेले. चारचाकीवाल्याला त्याचं काही नसतं, दुचाकीवाल्यानं मात्र अशा दाण्यांवर ब्रेक मारू नये. गिअर उतरवायचा, हँडल सरळ ठेवायचं आणि दाण्यांवरून गाडी आपल्याच वेगानं जाऊ द्यायची. दाजी हे करताना पूर्ण वेळ शेतकऱ्याला शिव्या देत होते. नंतर चहाच्या टपरीवर त्यांनीच त्याची बाजू घेतली. खळी राहिली नाहीत तर माणसानं मका वाळवायचा कुठं?

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत इथली माणसं आहेत, तशी नावं तिथल्या दगडावर कोरलेली आहेत. इथल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली, इटलीत पाँपेईच्या राखेतून निघालेल्या मूर्तीशी मिळतीजुळती. जुन्या भोगवर्धनाची आज खूण म्हणावी तर गावाबाहेरची पांढरी. लॉजवर गरम पाणी सकाळी सहालाच मिळेल असं बजावून सांगण्यात आलं.

रविवार. असई, अन्वा, अजिंठा

आजच्या दिवसावर मी जास्त लिहिणार आहे, कारण असई.

२३ सप्टेंबर १८०३. आर्थर वेलस्ली, जो पुढं वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूला नेपोलियनशी लढला, तो नळणीच्या मुक्कामावर आला तेव्हा शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज केळणेच्या पलीकडे होती. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात त्यांचा तळ. पायदळाच्या कवायती पलटणी पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याकडे, जवळ शंभरेक तोफा. समोर नदी, उतार तोफांच्या टप्प्यात. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं की दुसरा उतार नाही. त्यानं दुर्बिणीतून खालच्या अंगाला दोन गावं पाहिली, पिंपळगाव आणि वरूड, नदीच्या दोन काठांवर समोरासमोर. एवढी जवळची दोन गावं आणि मध्ये जायला वाट नाही, हे होईलच कसं? त्यानं फौज तिकडं वळवली आणि उतार मिळाला.

ही हकिकत मी दाजींना केळणेच्या पुलावर गाडी लावून सांगितली. त्यांचं म्हणणं पडलं की यात कसली हुशारी, आपल्या आत्याला हे कुणी विचारलं असतं तर तिनं घरात बसून सांगितलं असतं. समोरासमोरच्या गावांत सोयरिक असते, सोयरिक असली की उतार असतो. मला वाटतं दाजींचं बरोबर आहे. प्रश्न एवढाच की वाटाड्यांनी ‘नाही’ का सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं हे मला पटत नाही. निदान मला तरी त्या ‘नाही’मध्ये थोडी इच्छा दिसते.

पोलमननं पलटणींचं तोंड झपाट्यानं फिरवलं आणि नवी फळी एका नदीपासून दुसऱ्या नदीपर्यंत लावली. कवायतीच्या मैदानावरही हे सोपं नसतं. असई गावाच्या बाजूला तर तोफांची अशी दाटी होती की तिकडं भरकटलेली इंग्रजांची स्कॉटिश पलटण जवळजवळ कापली गेली. दिवस मावळेपर्यंत लढाई इंग्रजांनी जिंकली, ९८ तोफा घेतल्या, पण त्यांची १,५८४ माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. आयुष्यातली सगळ्यात चांगली लढाई कोणती असं विचारल्यावर पुढं म्हातारपणी वेलिंग्टननं वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं.

गावात तुरीला फुलं होती आणि कपाशीची पहिली वेचणी चाललेली. शेताच्या बांधावर बसलेल्या आजोबांना दाजींनी रामराम घातला. लढाईचं विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘इंग्रजाचे लोक येतात कधी कधी. फोटो काढतात.’’ मग त्यांनी आम्हाला विचारलं, ‘‘तुम्ही कोणीकडचे?’’ अंबडचे म्हटल्यावर त्यांनी अंबडच्या मोसंबीचा भाव विचारला आणि लढाईचा विषय संपला.

माझ्या मनात मात्र त्या दिवशी इथं नसलेला माणूस होता. यशवंतराव होळकर. १८०२ च्या ऑक्टोबरात त्यांनी पुण्याजवळ हडपसरला शिंदे-पेशव्यांचा पराभव केला होता, त्यानंतर बाजीराव इंग्रजांकडे पळाला आणि त्यातूनच हे युद्ध उभं राहिलं. शिंदे-भोसले लढत असताना यशवंतराव बाजूला राहिले. दुसऱ्या वर्षी एकट्यानं लढले. असईला होळकरांचं घोडदळ असतं तर काय झालं असतं, हा खेळ मी खेळत नाही. पण अंबड इथून मोटारसायकलनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे. आपला परगणा एवढ्या जवळ असताना हा माणूस आला नाही, हे त्या बांधावर उभं राहिलं की जरा जास्तच लागतं.

अन्व्याचं देऊळ, गावकरी मढ म्हणतात, वाटेवरच आहे. बाहेरच्या भिंतीला तारेसारखे कोन आणि त्यांत विष्णूच्या शक्तिरूपांच्या स्त्रीमूर्ती. असं दुसरीकडे क्वचितच दिसतं. तास घालवावा असं ठिकाण, आम्ही वीस मिनिटांत निघालो कारण दाजींना भूक लागली होती.

अजिंठा म्हटलं की लेणी. पण लेण्यांआधी अजिंठा नावाचं गाव आहे, तटबंदीचं, वेशीचं. असईच्या जखमींना इंग्रजांनी याच गावात इस्पितळ करून ठेवलं होतं. दवाखान्यातला मुक्काम महिन्यांचा होता. लेणी तिथून काही कोसांवर, पण जखमींपैकी कुणाला त्यांची खबर होती असं दिसत नाही. जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या नादात लेण्यांपाशी पोचला तो १८१९ साली, म्हणजे अंबड गेल्याच्या पुढच्या वर्षी.

गावापुढे घाट लागतो. आमच्याकडच्या माणसाला अजिंठ्याचा डोंगर फसवतो. अंबडपासून इथवर चढ म्हणून जाणवतच नाही, कारण आपण पठारावरच असतो. मग एका वळणावर जमीन संपते आणि खाली खानदेश पसरलेला दिसतो. डोंगर चढायचा नसतोच, फक्त उतरायचा असतो. पाठीमागचं पाणी केळणेतून पूर्णेला आणि गोदावरीला जातं, पुढचं वाघूरमधून तापीला. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी सोडून उतरलो. सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका वळणावळणावर बसल्या होत्या. फर्दापूरला मुक्काम.

सोमवार. वेताळवाडी, हळदा, कन्नड

सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात आणि मंगळवारी वेरूळची. आमचे वार नेमके असे पडले की दोन्हीकडे कुलूप. घरी फोनवर सांगितलं तेव्हा ताई हसून हसून दमली. आम्हाला घाटच करायचे होते, हे तिला पटलं नाही.

सोयगावहून हळद्याला चढणारा घाट अरुंद आहे आणि वाहतूक जवळजवळ नाही. अजिंठ्याच्या घाटात ट्रकवाल्याच्या मर्जीनं चालावं लागतं, इथं वळण आपलं. डाव्या-उजव्या अंगाला साग, आणि एका वळणानंतर वेताळवाडीचा किल्ला अंगावर येतो. बुरूज रस्त्यापर्यंत उतरलेत. हा घाट खानदेशातून दख्खनला चढण्याची वाट, त्यामुळे किल्ला शिखरासाठी नाही, वाटेसाठी बांधलाय. पुरातत्त्व खात्यानं डागडुजी केली आहे. वर दोन कमानींची मोकळी इमारत आहे, तिच्यातून खाली वेताळवाडीचं धरण दिसतं. दाजी बालेकिल्ल्यापर्यंत आले नाहीत. त्यांना गाडीची चेन ढिली वाटत होती, दरवाजाच्या सावलीत बसून ती ताणून घेतो म्हणाले. परत आलो तेव्हा चेन तशीच आणि दाजी झोपलेले.

हळद्यावरून पुन्हा पठार. उंडणगाव, सिल्लोड, पिशोर. सिल्लोडच्या आसपास पुन्हा मका, पुन्हा दगड, पुन्हा शिव्या. कन्नडला पोचेपर्यंत अंधार पडला.

मंगळवार. वेरूळ

लेण्यांच्या फाटकाला कुलूप होतं, घृष्णेश्वराला रांग होती. मालोजीराजांनंतर हे देऊळ होळकरांकडच्या बायकांनी उभं केलं, आधी थोरल्या मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई, मग सून अहिल्याबाई. तांबड्या दगडाचं देऊळ आणि जवळच पायऱ्यापायऱ्यांचं शिवालय तीर्थ, पायऱ्यांवर आठ लहान देवळं. इंदूर-महेश्वरच्या मानानं हा परगणा किती दूर! मध्ये नर्मदा, सातपुडा, तापी, आणि वर अजिंठ्याचा डोंगर चढायचा. चारी बाजूंनी निजाम-पेशव्यांचा अंमल. उत्पन्नाचा हिशेब मांडणाऱ्या कारभाऱ्याला वेरूळ आणि अंबड या दोन्ही गावांची डोकेदुखीच वाटली असणार. अहिल्याबाईंनी दोन्हीकडे दगड लावले.

कुंडाच्या वरच्या पायरीवर पेढे विकणाऱ्या मावशींनी विचारलं, कुठून आलात. अंबड म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘इतक्या सकाळी? जवळच आहे म्हणा.’’

दाजींनी काही खुलासा केला नाही. पाव किलो पेढे घेतले. उद्या खुलताबादला मलिक अंबरची कबर आणि मग देवगिरी. लेण्यांचं काय करायचं यावर मतभेद आहेत: बुधवारी वेरूळ उघडतं, पण दाजींनी दुकान गुरुवारी उघडायचं ठरवलंय.