तारकर्ली : वर येताना हवा सोडायची

कुडाळ स्टेशनवर उतरायचे, एस.टी.ने मालवण गाठायचे आणि तिथून रिक्षाने तारकर्ली. मालवणपासून सहा-सात किलोमीटरचा हा रस्ता माडांच्या सावलीतून जातो. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. पुढे देवबागला दोन्ही एकमेकांना मिळतात. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. १९८७ साली इथल्या समुद्राचा काही भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पावसाळा सरला की प्रवाळ आणि रंगीत मासे पाहायला इथे पर्यटकांची रीघ लागते.

आम्ही मात्र मासे पाहायला गेलो नव्हतो. माझ्या बाजींचा मुलगा तारकर्लीत स्कूबा डायव्हिंग शिकतो आहे आणि पुढे हाच रोजगार करायचा त्याचा विचार आहे. बाजींनी हो किंवा नाही, काहीच म्हटले नव्हते. “आधी डोळ्यांनी बघते, मग बोलते,” एवढेच त्या म्हणाल्या.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र तारकर्लीतच आहे. समुद्रात नेण्याआधी पाणबुड्याला तलावात शिकवतात. आम्ही पोहोचलो तेव्हा भाचा काठावर बसून आपले सामान जुळवत होता. पाठीवर धातूची पाटी, तिच्यामागे हवेची पिशवी आणि त्यामागे हवेचे सिलिंडर. या पिशवीला ‘विंग’ म्हणतात. हौशी पर्यटकांना सहसा जाकिटासारखे साधन घालतात. विंगमध्ये सगळी हवा पाठीमागेच राहते, त्यामुळे पाण्यात आडवे राहणे सोपे जाते.

बाजींनी विचारले, “म्हणजे वर यायचं असलं की यात हवा भरायची, होय ना?”

“नाही अम्मी, वर येताना हवा सोडायची असते.”

बाजींना ते उलटेच वाटले. भाच्याने हिशेब मांडला. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. २० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. तिथे विंगमध्ये २ लिटर हवा असेल तर १० मीटरवर ती ३ लिटर होते आणि पृष्ठभागाशी ६ लिटर. शाळेत पाठ केलेला बॉईलचा नियम तो हाच. एक लिटर हवा साधारण एक किलोचा भार उचलते. हवा सोडली नाही तर ती फुगते, माणसाला वर ओढते, वर गेल्यावर आणखी फुगते आणि वेग हाताबाहेर जातो. सर्वांत मोठा फरक शेवटच्या १० मीटरमध्ये पडतो. किनाऱ्यावरच्या माणसाला उथळ पाणी सुरक्षित वाटते, पण वर येणाऱ्याने तिथेच जास्त सावध राहायचे असते.

मग हवा सोडायची कशी? डाव्या खांद्यावरून एक पन्हळीदार नळी येते. तिच्या टोकाला दोन बटणे असतात : एक भरायचे, एक सोडायचे. हवा नेहमी पिशवीच्या सर्वांत उंच भागात जमते. म्हणून शरीर थोडे उभे करायचे, नळी डोक्याच्या वर धरायची आणि मग बटण दाबायचे. डोके खाली आणि कंबर वर असेल तर नळीतून काहीच निघत नाही, कारण हवा कमरेकडे गेलेली असते. त्यासाठी विंगच्या खालच्या कडेला दोरी लावलेली दुसरी झडप असते. झडपेची बाजू किंचित उचलून दोरी ओढली की बुडबुडे सुटतात. हवा थोडी थोडी सोडायची, क्षणभर थांबायचे, परिणाम पाहायचा. वर चढायचे ते पायांच्या जोरावर; मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नाही. ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, म्हणजे रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनला बाहेर पडायला वेळ मिळतो.

“आणि पिशवी फुटली तर?” बाजींचा पुढचा प्रश्न.

“फुटू नये म्हणून तिला आपोआप उघडणारी झडप असते. फुप्फुसांना तशी झडप नसते, खाला,” तो माझ्याकडे बघून म्हणाला. म्हणून श्वास कधीच रोखायचा नाही. सिलिंडरमधून घेतलेला पूर्ण श्वास रोखून माणूस एक-दीड मीटर वर आला तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते.

मला आखाती देशांतले मोती काढणारे आठवले. उर्दूत पाणबुड्याला ‘गव्वास’ म्हणतात. ते नाकाला चिमटा लावत, पायाला दगड बांधून खाली जात आणि दोरीने वर ओढले जात. श्वास रोखूनच हे काम चाले. मग त्यांना ही इजा का होत नसे? त्यांचा श्वास पृष्ठभागावर घेतलेला असे. खाली तो आकसे आणि वर येताना पूर्वीएवढाच होई. स्कूबात श्वास खालीच, दाबाखाली घेतला जातो. सारा फरक इथे आहे.

भाचा तलावात उतरला. बाजी काठावर उभ्या राहून बघत होत्या. तळाशी तो आडवा तरंगत राहिला. मग हात वर गेला, बुडबुड्यांची एक छोटी माळ सुटली; तो जरा वर आला, पुन्हा माळ. बाजींनी त्याला डोळे मिटून दोरी शोधायला लावली, तीनदा. तिन्ही वेळा हात नेमका झडपेवर गेला. “परीक्षा दे,” त्या म्हणाल्या. “नोकरीचं तुझ्या अब्बांशी बोलते.”

मुलाबाळांना घेऊन मालवणला जाणार असाल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. दमा, हृदयाचा किंवा कानाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि प्रशिक्षकाला सांगा. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी नको. पाण्यात उतरण्याआधी प्रशिक्षकाच्या हाताच्या खुणा नीट समजून घ्या. हवेची बटणे त्याच्या हाती राहू द्या. तुमच्याकडे एकच काम : श्वास घेत राहा, सोडत राहा.