चाकामागचा दगड

मिस्त्रीनं तापलेल्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकलं आणि चर्र झालं. पेट्रोल, जळकं ऑइल, कळकट सुती कापड, सगळ्याचा मिळून एक वास आला आणि नाशकातल्या त्या गॅरेजात मी, पन्नाशी उलटलेली बाई, नऊ वर्षांची होऊन हातात दगड घेऊन उभी राहिले.

कसारा घाट, मे महिना. दादरहून परतताना आमची जीप ठरल्यासारखी मध्यावर दम टाकायची. पंप तापून आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, इंजिन दोनदा खोकून गप्प. हँडब्रेकवर अण्णांचा काडीचा विश्वास नव्हता. ते फक्त "दगड!" एवढंच ओरडत. मागच्या चाकाला तो लावून तिथंच उभं राहायचं, हे माझं काम. आई पंचा भिजवून आणून द्यायची. पंप निवेपर्यंत बाकीच्यांनी पुढं चालायचं.

आता ब्लॉकलाच चीर गेलीय, पाणी ऑइलमध्ये उतरतंय. इंजिन बदलायचं. "ताई, दम पाहिजे की ॲव्हरेज?"

"दम," मी विचारही न करता म्हणाले.

त्याच्याकडे तीन होती. प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल, महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय आणि कॉन्टेसातून निघालेलं १८१७ सीसीचं इसुझु, पेट्रोल. डिझेल म्हटलं की माझं डोकं फिरतं. काकांनी त्यांच्या जीपला प्युजो बसवलं होतं. ताकद बासष्ट हॉर्सपॉवर, आमच्या पेट्रोलची सत्तरच्या वर. तरी काका आधी वर पोचून चहा पीत बसत आणि आमच्या जीपला 'पिताडी' म्हणत. त्यांचं इंजिन बनलेलं घाटमाथ्यावरच्या इगतपुरीच्या कारखान्यात. माहेरी निघालेलं ते, चढणारच!

म्हणजे इसुझु. सीसी कमी, पण भरभर फिरतं. मात्र नुसतं इंजिन आणून भागत नाही. जुना तीन गिअरचा बॉक्स तेवढा जोर सोसणार नाही, म्हणून त्याचाच पाच गिअरचा घ्यायचा. तो लांब, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापायचा. मग आरसी बुकात नोंद. शिवाय मिस्त्रीनं हळूच विचारलं, "चढेल हो. उतरताना थांबेल का?" म्हणजे ब्रेकही आलेच.

बॉनेटखाली मात्र जागाच जागा. तीही इंजिन बदलण्याचीच देणगी. १९५३ साली विलिस कंपनीनं सीजे-३बी जीपमध्ये हरिकेन इंजिन घातलं. इनटेक व्हॉल्व्ह ब्लॉकमधून उचलून वर हेडमध्ये नेले, ताकद साठावरून सत्तरीपार गेली, पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. त्यांनी सरळ बॉनेटच उचललं. आमच्या जीपचं ते उंच कपाळ तिथून आलेलं. आणि महिंद्रांनी माझगावात जोडलेल्या पहिल्या जीप तरी काय, परदेशातून पेट्यांतून आलेले सुटे भागच. 'ओरिजिनल'चं एवढं सोवळं कशाला पाळायचं, असं स्वतःला समजावत मी आईला फोन केला.

"मग आता घाटात उतरावं नाही लागणार?"

"नाही."

ती जरा वेळ गप्प होती. "दादरला आठ दिवस घरभर माणसं. नाशकात पोचलं की पुन्हा स्वयंपाक. मधली ती पंधरा-वीस मिनिटं मला कुणी हाक मारत नव्हतं. तू दगडापाशी, हे बॉनेटमध्ये."

मला एकदम दिसलं : चपला हातात घेऊन पुढच्या वळणाआड जाणारी आई. मी आजवर समजत होते, ती गाडीचं वजन हलकं करत्येय.

"आणि तो पंचा," ती म्हणाली, "अर्धाच भिजवायचे मी."