पत्ता कोणाच्या नावावर?

संकेतस्थळासाठी जागा घेणे हे साहित्याच्या माणसाचे काम नव्हे, असा आपल्या वर्तुळात एक समज आहे. मजकूर आपण द्यायचा आणि तो कुठे, कसा ठेवायचा हे संगणक जाणणाऱ्या एखाद्या मुलाने पाहायचे, अशी सोयीची वाटणी आपण करून टाकलेली असते. मुद्रणाच्या बाबतीत आपण असे कधी वागलो नाही. कागद कोणता, टंक कोणता, बांधणी कशी, प्रती किती आणि त्या कोणाकोणाकडे जाणार, याची जाण आपल्या चांगल्या संपादकांना होती. महाजालावर आल्यावर मात्र आपण या जबाबदारीतून अंग काढून घेतले. तिची किंमत काय असते, हे मला अलीकडे एका लहानशा कामाच्या निमित्ताने नीट कळले.

मनमाडच्या आसपासच्या, नांदगाव आणि चांदवड तालुक्यांतल्या गावांतून आमच्या विद्यार्थ्यांनी काही वर्षे जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. कोणी आजीकडून, कोणी चुलत्याच्या सासूकडून, कोणी शेजारच्या म्हातारीकडून. वह्या जमल्या, ओव्या मोजून पाहिल्या तेव्हा दोन हजारांच्या घरात भरल्या. सांगणाऱ्यांपैकी काही जणी आता हयात नाहीत, आणि त्यांच्या ओव्यांची दुसरी नोंद कुठे असण्याची शक्यताही फारशी नाही. या ओव्या एका साध्या संकेतस्थळावर ठेवाव्यात असे ठरले. मग प्रश्न उरला तो एवढाच की, कोठे?

या क्षेत्रातल्या जाहिराती वाचताना पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती जागेची भाषा. इतके जीबी, तितके जीबी, कोणाकडे तर अमर्याद. येथे थोडे गणित करावे. युनिकोडचा मजकूर साठवण्याची जी पद्धत आज सर्वत्र चालते, तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मनमाड’ या शब्दात काना धरून पाच चिन्हे आहेत, म्हणजे पंधरा बाइट. एक ओवी ऐंशी चिन्हांची धरली तर ती होते २४० बाइटांची, आणि दोन हजार ओव्या होतात ४ लाख ८० हजार बाइटांच्या. म्हणजे अर्धा एमबीसुद्धा नाही. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र याहून कितीतरी मोठे असते. ओव्यांचे ध्वनिमुद्रण ठेवायचे तर जागा अधिक लागेल. साधारण प्रतीच्या ध्वनीला मिनिटामागे एक एमबी धरावा. तरीही आपल्यासारख्यांच्या कामाला जागा कमी पडत नाही. जी वस्तू आपल्याला मुळीच कमी नाही, तीच आपल्याला मुबलक विकली जाते.

दुसरी गोष्ट दराची. पहिल्या वर्षाचा दर ठळक अक्षरांत असतो आणि नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरांत. हे दोन आकडे शेजारी मांडले की पुष्कळ धुके निवळते. सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राचे वेगळे पैसे कोणी मागत असेल, तर ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था अशी प्रमाणपत्रे २०१५ च्या अखेरीपासून मोफत देत आली आहे, हे लक्षात ठेवावे.

पण जागा आणि दर हे दोन्ही प्रश्न शेवटी दुय्यम आहेत. मुख्य प्रश्न पत्त्याचा आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांची गफलत येथेच होते. संकेतस्थळाचे नाव आणि त्याची जागा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जागा म्हणजे भाड्याची खोली. आज या वाड्यात, उद्या त्या वाड्यात. नाव म्हणजे पत्ता; तो आपला असेल तर खोली बदलली तरी वाचक आपल्यापर्यंत येतो. बहुतेक विक्रेते दोन्ही एकत्र बांधून विकतात आणि पहिल्या वर्षी नाव फुकट देतात. ते नाव नोंदवहीत कोणाच्या नावे चढले, हे विचारायचे राहून जाते.

शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेचे असेच झाले. स्थळ उत्तम होते, स्थानिक इतिहासाचे लेख होते. नाव मात्र ज्याने स्थळ बांधून दिले त्या व्यावसायिकाने स्वतःच्या नावे नोंदवले होते. त्याने व्यवसाय बंद केला. मुदत संपल्याच्या सूचना कोणीही न उघडणाऱ्या पत्त्यावर जात राहिल्या. डॉट कॉमसारख्या नावांना मुदतीनंतर काही सवलतीचे दिवस मिळतात, पुढे ज्यादा पैसे भरून सोडवून घेण्यासाठी तीस दिवस मिळतात, आणि मग ते नाव पुन्हा बाजारात येते. आज त्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसते. लेख लिहिणारे त्यांच्या यादीत अजूनही तोच दुवा देतात.

मोठ्या कंपनीच्या आसऱ्याला गेल्याने ही भीती जाते असे नाही. जिओसिटीज हे एके काळी महाजालावरचे सर्वांत गजबजलेले गाव. याहूने ते १९९९ मध्ये विकत घेतले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये, जपान वगळता, बंद केले. लाखो माणसांची हौसेने बांधलेली पाने त्या दिवशी गेली. काही उरली ती इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनी आणि काही स्वयंसेवकांनी आदल्या महिन्यांत धावपळ करून उतरवून घेतली म्हणून. ब्लॉगर १९९९ पासून, आणि २००३ पासून गूगलच्या मालकीखाली, चालू आहे. मराठीतल्या कितीतरी अनुदिन्या तेथे आहेत. ती सोय वाईट नाही. तेथे स्वतःचे नाव जोडता येते आणि सगळा मजकूर एका धारिकेत उतरवूनही घेता येतो. मात्र यांतले काहीही न करता वर्षानुवर्षे लिहीत राहणे म्हणजे दुसऱ्याच्या ओट्यावर संसार मांडणे होय.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे, आणि ती समजायला मनमाडच्या माणसाला वेळ लागत नाही. एके काळी आमच्या स्थानकात दोन मापांचे रूळ येत. मुंबईकडची गाडी ब्रॉडगेजवर आणि निजामाच्या मुलखातून येणारी मीटरगेजवर. एकीकडचा डबा दुसरीकडे जात नसे; माल उतरवायचा आणि पलीकडे भरायचा. या उतरवण्या-चढवण्यात पोती फुटायची, गहाळ व्हायची. रूळ एका मापाचे झाले ते १९९० च्या दशकात. देवनागरीच्या वाट्यालाही असेच निरनिराळ्या मापांचे रूळ आले. युनिकोड रुळण्यापूर्वीची मराठी संकेतस्थळे आपापले टंक वापरीत. तो टंक आपल्या संगणकावर नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसे. आज युनिकोडने माप एक केले आहे, तरी स्थळ एका जागेहून दुसरीकडे हलवताना विदागाराची मांडणी जुन्या, फक्त रोमन लिपी जाणणाऱ्या पद्धतीची निघाली तर सगळ्या अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात. चिवडा झालेला मजकूर प्रयत्नाने पुन्हा लावता येतो. प्रश्नचिन्हे झालेला मजकूर येत नाही, कारण मूळ अक्षर तेथे उरलेलेच नसते.

म्हणून जागा निवडताना मी आता एकच कसोटी लावतो: येथून निघायचे झाले तर काय काय सोबत नेता येईल? प्रवेश सगळीकडेच सोपा असतो. निघण्याची वाट जेथे आधीच दाखवली जाते, ती जागा चांगली.

ओव्यांच्याच बाबतीत या कसोटीचे एक मोठे उदाहरण आपल्याकडे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्या संगणकीय सूचीत बसवल्या. पॉयतवाँ २००४ मध्ये गेले, पुढे राईरकरही गेल्या. २०१७ पासून हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या महाजालावरील संग्रहातून वाचकांपुढे येत आहे. जमवणारे गेले, जागा बदलली, आणि ओव्या वाचल्या. हे घडू शकले, कारण सामग्री उचलून नेण्याजोगी होती आणि ती उचलणारी माणसे होती.

छापील जगाने ही सोय फार पूर्वीच करून ठेवली होती. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले, पण तिचे अंक आजही गावोगावच्या ग्रंथालयांत बांधलेले सापडतात. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवणे बंधनकारक केले. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला भरलेल्या जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले. तो मंडप केव्हाच उठला. भाषण उरले, कारण ते छापले गेले आणि पुढे शासनाच्या खंडांत पुन्हा छापले गेले. संकेतस्थळाची बहुधा एकच प्रत असते, आणि तीही भाडे भरेपर्यंत.

आम्ही शेवटी काय केले ते सांगतो. नाव वेगळ्या ठिकाणी घेतले, संस्थेच्या नावे, आणि एकदम दहा वर्षांसाठी. याहून अधिक मुदत एका वेळी मिळत नाही. विदागाराची भानगड टाळून साधी, स्थिर पाने केली. अशा पानांना काही ठिकाणी मोफत जागा मिळते, आणि ती उद्या कोणत्याही यंत्रावर जशीच्या तशी उघडतील. सगळ्या ओव्यांची एक साधी मजकूर-धारिका स्थळावरच उतरवून घेण्यासाठी ठेवली. ज्याला हवी त्याने न्यावी. प्रती जितक्या अधिक हातांत जातील तितके बरे, कारण ओवीही इतकी वर्षे तशीच टिकली आहे.

राहिला प्रश्न आमच्यानंतरचा. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी तो सोडवला. त्यांनी ओव्यांची छापील प्रत बांधून घेतली, नावाच्या नोंदणीचे कागद आणि परवलीचे शब्द एका बंद पाकिटात घालून तिला जोडले, आणि ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत तिला क्रमांक दिला. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी दहा वर्षांनंतरची नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवली आहे.