मेन पाटा

आमच्या 1998 सालच्या टाटा 407 च्या मागच्या चाकाशी वाकून पाहिलं की तो दिसतो. एकावर एक रचलेल्या पाट्यांमधला सगळ्यात वरचा, सगळ्यात लांब. खालचे पाटे पायरीपायरीनं आखूड होत जातात आणि त्याला खांदा देतात. पण चासीला धरून असतो तो हाच, दोन्ही टोकांच्या गोल वळणांत पिन आणि बुश घालून. घरातल्या थोरल्या भावासारखा, मेन पाटा.

त्याचं पुढचं टोक पक्कं असतं, मागचं शॅकलवर झुलतं. भार पडला की कमान सपाट होते, सपाट झाली की लांबते, आणि त्या लांबीला सरकायला जागा हवी असते. ओझं पेलायचं, धक्का गिळायचा, शिवाय धुरा जागेवर धरून ठेवायची, ही सगळी कामं तो खालच्या पाट्यांना घेऊन करतो. टेल्कोनं 1986 साली ही गाडी आणली, तेव्हापासून ती आपल्या कच्च्या रस्त्यांवर टिकली, त्यात पाट्यांचा वाटा मोठा आहे.

यंदा आमचा थोरला थकला. डावी कमान बसली, गाडी कलली, आणि मधल्या बोल्टच्या भोकापाशी बारीक चीर दिसली. पाटा बहुधा तिथंच तुटतो, कारण पाट्यांना धुरेशी आवळणारे यू-बोल्ट सैल झाले की सगळा ताण त्या भोकावर येतो.

कमानपाटेवाला म्हणाला, "दादा, एक पाटा जादा टाकू. गाडी लवणारच नाही."

न लवणारी गाडी मला नको होती. आम्ही नारायणगावचा टोमॅटो माळशेजमार्गे वाशीला नेतो. वीस किलोचे शंभर क्रेट म्हणजे दोन टन. एक पाटा वाढवला तरी ताठपणा वाढतो, आणि पाट्याची जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो. मग प्रत्येक खड्डा थेट क्रेटपर्यंत पोचतो आणि तळाच्या टोमॅटोचा लगदा होतो. रिकामी परतताना गाडी उडते, चासी आणि ड्रायव्हरची कंबर दोन्ही त्याची किंमत मोजतात. पाट्यानं लवावं, यासाठीच त्याला घडवलेलं असतं. लाल तापवून, वळवून, तेलात विझवून, पुन्हा बेताची आच दिलेली असते. त्या दुसऱ्या आचेनं त्याचा ठिसूळपणा जातो.

म्हणून पाटे मूळ संख्येचे, मूळ जाडीचे घेतले, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदलले. एक नवा, एक दमलेला, अशा जोडीवर गाडी सरळ उभी राहत नाही. ताणले गेलेले यू-बोल्ट परत वापरले नाहीत. बुश-पिन नव्या घातल्या, आणि पहिल्या भरल्या फेरीनंतर नट पुन्हा आवळले.

पुढच्या शॉकअपमधून तेल पाझरत होतं, म्हणून शॉकअपही जोडीनं बदलले. शॉकअप ओझं पेलत नाही. खड्डा सरल्यावर पाटा झुलत राहतो, ते झुलणं तो थांबवतो. आतलं तेल बारीक भोकांतून रेटलं जातं आणि झोक्याची उष्णता होऊन जाते.

नव्या पाट्यांवर पहिल्यांदा माळशेज उतरलो. वाशीला पहाटे तळाचा क्रेट उघडला, तर टोमॅटो अख्खे होते. पाट्यांवर हात ठेवला. ते कोमट होते.

जुना मेन पाटा भंगारात घातला नाही. गावच्या लोहाराकडे नेला. त्यानं हातोडीनं टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "पोलाद जिवंत आहे." पाट्याचं पोलाद धार धरतं, हे लोहारांना पिढ्यांपासून ठाऊक आहे. चीर पडलेला तुकडा त्यानं बाजूला काढला, उरलेल्याचे कोयते झाले.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. यंदाच्या हंगामात आमच्या फडात आलेल्या अशाच एका जोडीनं त्यातला एक मागून घेतला. वाशीहून परततो, तेव्हा बांधाकडून तो सपासप चालल्याचा आवाज येतो.